सात नंबरचं सुतक

आमच्या ह्यांची स्कूटर राहणार की जाणार, हे एक्याऐंशी चौकोनांवर ठरणार होतं. हसा. मला काही हसू आलं नाही.

झालं काय, मागच्या महिन्यात हे हरमलला मासे आणायला निघाले आणि पोचले मोरजीला. कासवं तिथे अंडी घालायला दरवर्षी बरोबर येतात, हे चुकून आले. तिथल्या कासवांच्या राखणदाराने फोन केला, "तुमचा माणूस घरची वाट विचारतोय." डॉक्टर म्हणाले, रोज पेपरातलं सुडोकू सोडवायला द्या, डोकं चालतं राहील. आमची सिद्धी डिचोलीला शाळेत गणित शिकवते. तिने फर्मान काढलं: "पुढच्या रविवारी येते. बाबांनी माझ्यासमोर एक पूर्ण सोडवलं तर चावी त्यांची, नाही तर माझी."

बाप आहे की दहावीतला पोरगा! पण चावी गेली की हे दिवसभर कदेलावर, खुर्चीवर म्हणजे, बसून माझं डोकं खाणार. तेही सोसलं असतं. चावीमागोमाग माणूसच हातातून जाईल, ही मला खरी भीती होती.

मग मीच शिकवायला बसले. आडव्या ओळीत एक ते नऊ, उभ्या ओळीत एक ते नऊ, तीन बाय तीनच्या चौकटीतही एक ते नऊ. कुठलाच आकडा दोनदा नाही. चार वेळा सांगितलं. हे म्हणाले, "दोनदा आला तर काय बिघडतं गो?"

शेवटी मला आमचं देऊळ आठवलं. नवरात्राचे नऊ दिवस आमच्या वाड्यावरच्या नऊ घरांनी वाटून घेतलेत. पहिला दिवस आमचा, सातवा विठूचा. इथे घरं त्या नंबरानेच ओळखतात. मी म्हटलं, "अहो, आकडे विसरा, घरं धरा. ओळ म्हणजे पंगत. नऊ पाट, नऊ घरं, एका घरचा एकच माणूस. उभी ओळ तीही पंगत. छोटी चौकट म्हणजे मांडवाचा एक खण, तिथेही तेच."

"असं सांग की आधी!" म्हणाले, आणि सुटले. "चार नंबरवाले इथे कसे बसतील? ह्या खणात त्यांचा म्हातारा आधीच बसलाय." आठ दिवसांत माझ्याच चुका काढायला लागले.

रविवारी सिद्धी आली, आल्याआल्या चावी आपल्या ताब्यात घेतली. कोडं तिनेच आणलं होतं. ह्यांनी पेन घेतला, मान खाली घातली आणि चाळीस मिनिटांनी कागद पुढे केला. सिद्धीने बघितलं आणि तिचा चेहराच पडला. अख्ख्या कागदावर सात नव्हता. सहा चौकोन रिकामे, आणि जिथे सात छापलेलाच होता त्या तीन ठिकाणी पेनाने फुली.

"बाबा, सात कुठे आहेत?"

"विठूकडे सुतक आहे न्हय?" हे म्हणाले. "परवा त्याची आई गेली. पंगतीला कसे बसतील?"

बाकी सगळे आकडे बरोबर. सिद्धीने दोनदा तपासले. मग माझ्याकडे वळली. "खरंच, आई?"

विठूची आई जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा सिद्धी बाळंतपणात होती, तिच्या लक्षात नसणार.

"परवाच गेली," मी म्हटलं. "गडबडीत तुला कळवायचं राहिलं बघ."

"अरेरे," सिद्धी म्हणाली आणि तिचा चेहरा फुलला. कुणी गेल्याच्या बातमीने इतकी खूश झालेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. "म्हणजे बाबांना सगळं आठवतंय!" तिने चावी माझ्या हातात ठेवली, चहा घेतला आणि डिचोलीला गेली.

जिंकले एकदाची, असं मी स्वतःला सांगितलं.

एवढ्यात हे सदरा बदलून बाहेर आले. "चल, विठूला भेटून येऊ. आई गेलीय त्याची. चावी दे."

माझी मूठ उघडेना.

"चालत जाऊ," मी म्हटलं.

"का गो?"

"पेट्रोल संपलंय."

टाकी काल ह्यांनीच भरून आणली होती, मी मागे बसले होते. आता तरी तोंडावर म्हणतील, खोटं बोलतेस म्हणून. भांडा हो, मनात म्हटलं, एकदा तरी भांडा.

"बरं," हे म्हणाले आणि चपला शोधायला लागले.