वहीतला गहू

पाटकऱ्याने कालव्याच्या दरवाजाचं चाक फिरवायला घेतलं, तोच बांधावरून त्याची थोरली बहीण हातात चपला घेऊन तरातरा आली.

"अरे, बंद काय करतोस? वरच्या बागेला तर चालू आहे."

"यंदा पाणी कमी. फक्त फळबागांना सोडायचं, असा हुकूम आहे. गव्हाला नाही."

"मग ही लिंबं तुला गहू दिसतात? डोळे तपासून घे."

तिची थट्टा त्याला फार लागली. समोरच्या दीडशे झाडांतल्या निम्म्यांचे खड्डे त्यानेच खणले होते. भावजी गेल्यावर ताईचं घर या बागेनेच सावरलं. पुढे बागांची पाणीपट्टी गव्हाच्या तिप्पट झाली आणि भावाला राहवेना. शेत पाहून पिकाची नोंद करणारा तोच. सात वर्षं त्याने वहीत ताईच्या नावापुढे 'गहू' लिहिलं. पट्टी कमी कशी, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा "सूट आहे" म्हणून वेळ मारून नेली. आपण मोठा तीर मारला, असंच त्याला वाटत आलं होतं.

यंदाची पाण्याची यादी त्याच वहीवरून झाली होती.

खाली मान घालून त्याने एका दमात सगळं सांगितलं.

"उद्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगतो. तुझं पाणी सुटेल."

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल."

"पेन्शन?"

तो चाकावरचा गंज नखाने खरवडत राहिला.

ताई तडक घराकडे वळली. रागावली असेल, रागावू दे, असं म्हणत त्याने दरवाजा पुरता बंद केला. कुलूप लावतो न लावतो तोच बागेतून घाव ऐकू आला. मग दुसरा. तो धावत सुटला.

पहिल्या ओळीतलं लिंबाचं झाड आडवं झालं होतं. ताई दुसऱ्यापाशी उभी होती.

"ताई, वेड लागलं का तुला?"

"बागच राहिली नाही, तर सांगायला कशाला जाशील?" तिला धाप लागली होती. "हो बाजूला."

त्याला रडू आवरेना. त्याने तिच्या हातातून कुऱ्हाड ओढून घेतली. खाली ठेवायचा मात्र धीर होईना. शेवटी ती तशीच खांद्यावर टाकून, उद्याची वाट न बघता, तो भर उन्हात ऑफिसच्या रस्त्याला लागला.