रेघेवरची गाडी

आमच्या धुळ्याच्या तंत्रनिकेतनात यंत्रं काचेच्या कपाटात ठेवायची रीत. नियंत्रण अभियांत्रिकी मी फळ्यावर शिकवायची आणि पोरांनी मुकाट उतरवून घ्यायची. अरे, पोहणं काय फळ्यावर शिकवतात? माझं डोकंच फिरलं. त्र्याण्णव साली जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी, खेळण्यातली चाकं आणि उजेड ओळखणारे दोन सेन्सर देऊन मी पोरांकडूनच एक गाडी करवून घेतली. सेन्सरना पोरं डोळे म्हणत. चुन्याची पांढरी रेघ ज्या डोळ्याखाली येई त्या बाजूचं चाक मंदावायचं आणि गाडी तिकडे वळायची, स्वतःची चूक स्वतः सुधारायची. अख्खा विषय त्यात आला.

प्राचार्यांना हा पोरखेळ वाटला. खंडेनवमीला संस्थेचे अध्यक्ष मिश्रीलालशेठ यंत्रपूजेला येतील, त्यांच्यापुढे गाडी चालली तर ठीक, नाहीतर प्रात्यक्षिक कायमचं बंद, असं त्यांनी बजावलं.

पूजा झाली. शिपाई चिंधाभाऊंनी लेथपासून गाडीपर्यंत सगळ्यांना ओलं कुंकू लावलं. माझा विद्यार्थी वना यानं बटण दाबलं. गाडी हातभर गेली आणि उजवीकडे भरकटली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. प्राचार्य गालातल्या गालात हसले.

मला बघताक्षणी कळलं. कुंकू ओघळून डाव्या डोळ्यावर आलं होतं. पदरानं पुसलं की काम फत्ते. प्राचार्यही म्हणाले, बाई, तुम्हीच बघा जरा. मी हात पाठीमागे धरले.

"वना, शोध," मी म्हटलं.

वनानं मोटारींची अदलाबदल केली, तरी गाडी उजवीकडेच. म्हणजे दोष मोटारीत नव्हता. मग त्यानं गाडी पांढऱ्या कागदावर अधांतरी धरली. उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं, तसं उजवं चाक जोरात फिरलं. डाव्यावर ठेवलं, काहीच फरक नाही.

"मॅडम, हाऊ डोया आंधया शे." डाव्या डोळ्याला दिसतच नव्हतं.

पुसायला गेलेला त्याचा हात मात्र थबकला. पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यानं चिंधाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी आपण काही पाहिलंच नाही अशा बेतानं तोंड फिरवलं. वना गाडीच्या पाया पडला आणि त्यानं कुंकू पुसलं.

गाडी रेघ धरून थेट भिंतीपर्यंत गेली. शेठजींनी प्रात्यक्षिक चालू ठेवायला सांगितलं आणि ते माझ्याकडे वळले. पाठीमागे धरलेले माझे हात त्यांनी मघाच पाहिले होते. तुम्हाला आधीच दिसलं होतं ना, मग तुम्ही का नाही पुसलं, असं त्यांनी विचारलं.

"मला येतं, शेठजी. पगार त्याचाच घेते. शिकायचं यांना होतं."