जहाजाची सेवापूर्ती

आपल्याकडं सेवापूर्तीचं भारी कौतुक. मस्टरवर सही ठोकून उरलेला दिवस टपरीवर काढलेला कारकून जरी निवृत्त झाला, तरी मांडव पडतो. नवरा-बायकोला खुर्च्यांवर बसवतात, शाल-नारळ देतात आणि जो उठतो तो म्हणतो, साहेबांची उणीव भासेल. भासत कुणालाच नाही. मग वांग्याची भाजी आणि बुंदी हाणून लोक घरी जातात.

सटवाजी खिल्लारेचं जहाज निवृत्त झालं, त्याला मात्र कुणी सुपारीसुद्धा दिली नाही. ओढत नेलं आणि भंगारवाल्यानं कापलं. जुन्या सोबत्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. लाल पोट अर्धं फाडलेलं, आतल्या बरगड्या उघड्या. सटवाजीनं ताट बाजूला सारलं.

बायको कडूबाई म्हणाली, "माझी माय गेली तवा बरं पोटभर जेवला व्हता तुमी."

हे जहाज म्हणजे दिव्याचं जहाज. समुद्रात वाळूचे दांडे असतात, तिथं दीपस्तंभ टिकत नाही. म्हणून जहाजच नांगर टाकून उभं करायचं आणि त्याच्या डोलकाठीवर दिवा लावायचा, म्हणजे बाकीची जहाजं बाजूनं जातात. याला इंजिनच नाही. ओढत नेऊन ठेवलं की ठेवलं. सटवाजीची सगळी नोकरी त्यावर गेली. नाव तिचं तारामती.

पिंगळी स्टेशनच्या पलीकडल्या त्याच्या गावाला हे कधी पटलंच नाही. येलदरीच्या धरणापलीकडं पाणी न पाहिलेलं गाव ते. त्यांच्या हिशेबी जहाज म्हणजे जाणारच. सटवाजी सुट्टीवर आला की पारावरचे विचारायचे, औंदा कुठं जाऊन आलास? कुठंच नाही म्हटलं की खिदळायचे. एकानं विचारलं, मग तिथं दिवे काय लावले? सटवाजी म्हणाला, एकच, पण रोज.

तर आता त्याच्या मनानं घेतलं, तारामतीची सेवापूर्ती करायची. याच गावात, याच हसणाऱ्यांसमोर, आणि तिची खरी हकीकत सांगायची. बाकी काही नको होतं त्याला.

मांडव आणि माइक दिनकररावांच्या हातात. दिनकरराव म्हणजे गावचे पुढारी. निवडणूक आली की गळ्यातलं उपरणं बदलतं, मान तीच. सटवाजीच्या भीमनगरात मतं बरीच, म्हणून त्यांना एकाएकी समुद्राचा उमाळा आला. एरवी त्या वस्तीतली नाली त्यांना दिसत नव्हती. दुसऱ्याच दिवशी वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर तोफा रोखलेली राखाडी युद्धनौका, वर विमानं, आणि नौकेपेक्षा मोठे दिनकरराव. खाली लिहिलेलं, शत्रूला पाणी पाजणाऱ्या जहाजाचा सन्मान.

सटवाजी तडक त्यांच्या ओट्यावर गेला. "अण्णा, ह्याच्यावर तोफा हायत. आमच्यावर धुक्यात वाजवायची एक घंटा व्हती."

"घंटेला टाळ्या कोण वाजवील, सटवाजी?" दिनकरराव म्हणाले. "तू खुर्चीत बस, हात जोड. बोलायचं ते आमी बोलताव."

सटवाजी घरी आला आणि म्हणाला, जायचंच नाही. कडूबाईनं त्याला झापलं. तिचं म्हणणं, तुमी न्हाई गेला तर त्या बिचारीला मेल्यावर तोफा चिकटतील. तेव्हा कुठं तो उठला.

कार्यक्रमात पहिला घोळ खुर्च्यांचा. सत्कार सपत्नीक असतो, म्हणून कार्यकर्त्यांनी रिवाजाप्रमाणं दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर जहाजाचा फोटो, फोटोला हार. हार घातलेला फोटो पाहून शेजारच्या धम्मशीलाकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि कोण गेलं हे न विचारताच रडायला लागल्या. सटवाजीला पुढच्या रांगेत बसवलेलं, दुसरी खुर्ची मोकळी. जहाजाची जोडीदार आणायची कुठून? निवेदन करणारे गुरुजी घाम पुसायला लागले, तशी कडूबाई जाऊन बसली.

"म्या तिची सवत हाय," ती म्हणाली. "नवरा अकरा महिने तिचा, एक महिना माझा. माझ्यापेक्षा जवळचं कोन हाय तिला?"

मग दिनकरराव बोलले. त्यांच्या तोंडी तारामतीनं दोन लढाया जिंकल्या आणि एक पाणबुडी बुडवली. सटवाजी दोनदा उठला, दोनदा कार्यकर्त्यांनी खांदा दाबून बसवला. आटोपल्यावर गुरुजींनी सवयीनं पुकारलं, आता सौभाग्यवती दोन शब्द बोलतील. हेही रिवाजाचंच. सौभाग्यवतीनं पदरात हसायचं, मान हलवायची, की झालं जेवण सुरू.

कडूबाईनं माइक घेतला.

लढाई एकपण झाली न्हाई, तिनं सांगितलं. सवत माझी लाल व्हती आणि अपंग व्हती, तिला चालताच येत नव्हतं. वादळ आलं की बाकीची जहाजं बंदराकडं पळायची, ही तिथंच, कारण तिचा दिवा बघूनच तर त्यांना वाट घावायची. दर सुट्टीत नवऱ्यानं कडूबाईला हेच ऐकवलं होतं. लग्नाची तारीख विसरला असंल, पण हे नाही.

"एकदा मातर साखळी तुटली," ती म्हणाली. "जहाज वाहवत निघालं. ह्यांनी आदी काय केलं? वर चढून दिवा इझवला. म्या म्हनलं, येडे हाव का, वादळात दिवा इझवतेत? तर म्हनले, कडू, जागा सुटली की दिवा इझवायचा. भलत्या जागचा दिवा बघून लोक बुडतेत."

ती दिनकररावांकडं वळली. "अण्णा, तुमी औंदा कोन्च्या पक्षात हाव?"

मग मागून कुण्या म्हाताऱ्याचा आवाज आला, शांतपणे. "अण्णा, दिवा इझवा."

जे हसू फुटलं त्यात धम्मशीलाकाकूही होत्या, डोळे अजून ओले. दिनकररावांनी बोट दाखवलं आणि मांडववाल्यानं माइक बंद केला. आता मात्र सटवाजीचा खांदा दाबायला कुणी आलं नाही. तो उभा राहिला आणि बिनमाइकचं बोलला. घंटा, धुकं, तो दिवा रोज कसा पुसायचा, सगळं. पारावरचे तेच खिदळणारे पुढं सरकून बसले. वांग्याची भाजी गार झाली, कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं वेशीवरचा फ्लेक्स उतरवून आणला. सोयाबीनच्या ढिगावर टाकायला बरा होता. तोफा आणि दिनकरराव खाली, पांढरी बाजू वर. सटवाजीनं बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग काढला आणि त्या पांढऱ्यावर, जहाजाच्या अंगावर असायचं तसं, रस्त्यावरून वाचता येईल एवढं नाव लिहिलं. तारामती.

कडूबाईनं ते पाहिलं. सवत आता शेतातपण का, असं पुटपुटली आणि दगड गोळा करायला लागली.

"चारी कोपरे नीट दाबा," ती म्हणाली. "वाऱ्यानं सुटली तर पुन्हा तुमीच पळताल मागं."