शैलाताईंचं मत

“झालं गं, दोन्ही मतं देऊन टाकली!” बाळकृष्ण हॉलमधून ओरडले.

शैलाताई हात पुसत बाहेर आल्या. “दोन्ही म्हणजे?”

“माझं आणि तुझं. मोबाइलवर लागोपाठ दोन कोड आले. मराठी वर्ग बंद करून ती खोली भाड्याने द्यावी, असं दिलं. मुलं येतात कुठे आता?”

इथल्या मराठी मंडळाचा हा रविवारचा वर्ग शैलाताईच अन्नपूर्णाबाईंबरोबर चालवत होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आल्यापासून त्यांचं स्वतःचं असं काही असेल, तर तेवढंच. पूर्वी मतदान मंडळात व्हायचं. चिठ्ठीची घडी घालून त्या ती मतपेटी म्हणून ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकत आणि नवऱ्याला मुळीच डोकावू देत नसत.

त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि कौशिकला फोन लावला. शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या या मुलानेच मंडळाचं ऑनलाइन मतदान उभं केलं होतं.

“काकू, ब्लॉकचेनवर एकदा नोंद झाली की ती कुणालाच बदलता येत नाही. मलासुद्धा नाही. कुणी लबाडी करू नये म्हणूनच तर हे केलं ना!”

“आणि लबाडी नोंद व्हायच्या आधीच झाली तर रे?”

काय झालं ते कौशिकच्या लगेच लक्षात आलं. जोडप्याच्या सभासदत्वाला मंडळाकडे एकच नंबर असे, नवऱ्याचा. कौशिकने तोच घेतला होता. त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नव्हतं, अगदी शैलाताईंनाही.

“सॉरी काकू,” तो म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला.

संध्याकाळी निकाल लागला. वर्ग मोठ्या फरकाने बंद झाला.

“बघ, तुझ्या एका मताने काय होणार होतं? हरलीच असतीस,” बाळकृष्ण म्हणाले.

“हरले असते. पण अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी उभी राहून हरले असते.” बाळकृष्णांनी मोबाइल पालथा ठेवला.

रविवारी दोघी जणी वर्ग आवरायला गेल्या. अन्नपूर्णाबाई तंजावरकडच्या, त्यांची मराठी तमिळच्या हेलात चालायची.

“आपल्याला मोजकीच मतं पडली, अम्मा. पण त्यांत तुझं एक, माझं एक. तेवढं पुरे मला.”

शैलाताईंच्या ओठांवर खरं आलं होतं. अन्नपूर्णाबाई इतक्या समाधानाने हसत होत्या की ते तिथेच राहिलं. शैलाताई फळ्याकडे वळल्या. मुलांनी लिहिलेली बाराखडी अजून तशीच होती. त्यांनी फडकं ओलं केलं आणि एकेक अक्षर पुसायला घेतलं.