करवतीचा सूर

सुतारकाकांनी चाळीस वर्षं एक रेकॉर्ड ऐकली नव्हती, आणि ती त्यांची स्वतःचीच होती.

तीन जणांचा तो ग्रूप. फुंक्या सॅक्सोफोन वाजवायचा, काकांचा मेव्हणा ड्रम बडवायचा, आणि काका स्वतःच्या हातानं बनवलेला, माणसाएवढा उंच, तारांचा डबल बास. वाजवायचे फ्री जॅझ. चाल ठरलेली नाही, ताल ठरलेला नाही, समोरून जे येईल त्याला उत्तर द्यायचं, एवढाच काय तो नियम. ऐकणारे विचारायचे, भांडी पडली की काय? अकरा महिने हा संसार टिकला. त्यात एका रविवारी काकांच्याच कारखान्यात रेकॉर्डिंग ठरलं, आणि तिथेच माशी शिंकली.

झालं असं, की बासला टेकू हवा म्हणून काकांनी ऐन वेळी करवतीच्या मशीनवर एक ठोकळा कापला. मशीनवर उभं राहताना कानात कापसाचे बोळे घालायची त्यांची सवय. गडबडीत मशीन बंद करायचं राहिलं, आणि बोळे काढायचेही राहिले! बासचं लाकूड छातीशी थरथरत होतं, तेवढ्या भरवशावर पठ्ठ्या वीस मिनिटं वाजवत राहिला. संपल्यावर बोळे काढतो तर काय, करवत आपली चालूच. पुन्हा वाजवायला टेप शिल्लक नव्हती. फुंक्या नुसता हसला आणि सॅक्सोफोन पेटीत ठेवला. पंधरा दिवसांत तो बोटीवर नोकरीला गेला, ग्रूप मोडला.

काकांनी मनाशी धरलं, की आपणच सगळ्यावर पाणी फिरवलं. तरी त्याच टेपच्या दोनशे रेकॉर्ड निघाल्या. काकांनी आपली कपाटावर टाकली ती टाकलीच. पुढे कुठकुठल्या देशांतून पोरांची पत्रं यायची, तुमचं ऐकून वाजवायला लागलो म्हणून. काका म्हणायचे, "चेष्टा करतात लेकाचे."

आज फुंक्याची मुलगी आली. फुंक्या जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच्या ट्रंकेत तिला मूळ टेप सापडली होती. रेकॉर्ड नव्यानं निघणार होती.

"काका, करवतीचा आवाज आता पुसता येतो. उद्या सगळं पाठवायचंय. पुसू?"

"पुस बाई! विचारतेस काय?"

"आधी ऐका तरी," काकू कडाडल्या. "'माझ्यामुळे वाट लागली, माझ्यामुळे वाट लागली' ऐकून कान किटले माझे. किती लागली ते बघू दे एकदा."

मुलीनं लॅपटॉपवर टेप लावली. आधी नुसती करवत. मग तिच्याच सुरात, अगदी हळू, सॅक्सोफोन शिरला. उंच गेला, भरकटला, किंचाळला, आणि दर वेळी त्या करवतीच्या सुरावर परत येऊन टेकला. काका खुर्चीत पुढे सरकले.

शेवटी वाद्यं थांबली. रेकॉर्डवर नसलेलं बोलणं टेपवर मात्र होतं. मेव्हणा कुजबुजला, "अरे, दाजींना सांग ना, मशीन चालूये!"

मग फुंक्याचा आवाज आला. "गप रे! त्या मशीनला धरून तर वाजवलं सगळं. बघ त्याच्याकडे. कानात बोळे आणि कसलं वाजवलंय! असा माणूस मिळायला नशीब लागतं."

काकांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. "मग तो गेला कशाला? मला वाटलं, वैतागून गेला."

"मी आईच्या पोटात होते, काका. म्हणून बाबांनी नोकरी धरली. बोटीवरसुद्धा बाबा हीच टेप लावायचे."

काका म्हणाले, "काही पुसू नकोस. आणि कव्हरवर माझ्या नावापुढे लिही, बास आणि करवत."

"चाळीस वर्षांनी उजेड पडला," काकू म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ओला झाला होता.

काकांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. "आता परत लाव, पहिल्यापासून. तेव्हा मी ऐकलंच नव्हतं त्याला."