बिनआवाजाची गाडी

मित्रांनो, अडगळीच्या खोलीच्या दाराशी थांबून तुम्ही आत डोकावता, तेव्हा तुम्हाला एक निळी चादर दिसते. त्या चादरीखाली मी आहे. मी विजेवर चालणारी, मातीच्या टेकाडांवरून उड्या मारणारी एक जुनी शर्यतीची दुचाकी. ‘होते’ म्हणणे जिवावर येते, म्हणून अजून ‘आहे’ म्हणते.

माझा जन्म कारखान्यातला. मला जोडणाऱ्या बाई प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देत. बाकीचे ठिपके चिखलाने आणि दगडांनी खाल्ले. हँडलाखालचा एक मात्र अजून शाबूत आहे. कधीकधी वाटते, माझे बालपण म्हणजे तेवढाच तो ठिपका.

मला या घरात आणले गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या मुलीने. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची. मिस्त्रींचा हात पेट्रोलच्या गाड्यांवर बसलेला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे, अशी त्यांची रीत. गाडीला काय दुखते ते त्यांना डॉक्टरसारखे कळे.

मला पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “हिचा ठोका कुठे आहे?”

“बाबा, हिला ठोका नसतो. मोटर असते.”

“मग मिक्सर का नाही आणलास? चटणी तरी झाली असती.”

घरात मिस्त्रींची थोरली बहीण राहायची. मुलगी तिला आत्या म्हणे. ती हसून हसून खोकू लागली. मी मात्र खाली मान घालून उभी राहिले. गाडीला दुसरे काय करता येते?

ट्रॅकवरही तेच. आसपासच्या लोकांना आवाजाचा त्रास होई, म्हणून पेट्रोलच्या गाड्यांना आठवड्यात दोनच दुपारी मोकळीक होती. मला सकाळी कधीही परवानगी होती, पण त्या दोन दुपारी नव्हती. कमिटीचे म्हणणे असे, की ही मागून आली तर पुढच्याला कळणार कसे? त्यामुळे ट्रॅक ओला असताना, पक्षी जागे होत असताना आम्ही दोघीच. एवढा मोठा ट्रॅक, आणि त्यावर एकाच गाडीच्या चाकांची खूण. साखळीची सळसळ आणि हेल्मेटच्या आतला तिचा श्वास एवढेच ऐकू यायचे. पेट्रोलच्या गाड्यांना आपल्या स्वाराचा श्वास कधी ऐकू आला नसेल. तेवढीच माझी श्रीमंती.

मग ती वाईट सकाळ आली. मुलीने मला अंगणात उभी केली, चालू केली आणि ती हातमोजे आणायला आत गेली. हँडलावर माझा हिरवा दिवा लागला होता, पण उन्हात तो कुणाला दिसणार? मिस्त्री बाहेर आले. इकडेतिकडे पाहिले. कुणी नाही असे पाहून ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हँडलावर हात ठेवला. मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण पेट्रोलवाल्यांची एक सवय असते. हँडल हातात आले की मनगट आपोआप मूठ पिळते, आवाज ऐकण्यासाठी. त्यांनीही पिळली.

मी उडाले. त्यांना ओढत नेले आणि दाराच्या चौकटीवर आदळले. त्यांचे उजवे मनगट मोडले.

“अरे, बंद गाडीनं हात मोडून घेणारा तू पहिलाच!” आत्या ओरडली.

“बंद नव्हती गं,” मिस्त्री कण्हत म्हणाले, “गप्प होती.”

त्याच दिवशी मला या अडगळीच्या खोलीत लोटले. ज्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला हात लावला त्यांनाच मी जखमी केले, हे माझ्या मनातून आजही जात नाही. मुलगी सकाळी मला न्यायची, पण मिस्त्री या दारावरून जाताना मान वळवत. ट्रॅकच्या लांबच्या वळणावर मुलगी हेल्मेटमध्ये रडायची. ते मलाच ठाऊक.

त्या वर्षी कमिटीने नियम बदलला. मोठ्या शर्यतीत विजेची एक गाडी पेट्रोलच्या गाड्यांबरोबर सोडून बघू, असे ठरले. ती एक गाडी मी. वाटेत बंद पडली तर पुढच्या वर्षी कुणीच नको, हेही ठरले. शर्यत रविवारी होती आणि बुधवारी मी उजव्या वळणाला थरथरू लागले. मुलीने साखळी पाहिली, चाके पाहिली, काही सापडेना. मला विकणाऱ्या दुकानाने दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

शेवटी ती वडिलांसमोर उभी राहिली. “बाबा, तुम्ही एकदा बघा ना.”

“मी काय बघू? तिला आवाज आहे कुठे?”

“आहे. मी रोज ऐकते. तुम्हीच ऐकला नाहीत.”

मिस्त्री उठून बाहेर निघून गेले. पण शुक्रवारी दुपारी खोलीचे दार किलकिले झाले. नुकतेच प्लास्टर काढलेला हात छातीशी धरून ते चार पावलांवर थांबले आणि माणसाला विचारावे तसे त्यांनी मला विचारले, “जागी आहेस का गं?” मग जवळ आले, दिव्यावर तळव्याची सावली धरून पाहिले. दिवा बंद होता. तेव्हा कुठे त्यांनी मुलीला हाक मारली.

माझे मागचे चाक उचलून तिने मला स्टँडवर चढवले आणि हळूहळू चाक फिरवले. मिस्त्रींनी डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर मोटरला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

“अगं, ही तर गुणगुणते,” ते म्हणाले. मग कपाळावर आठी आली. “थांब. इथे खरखरते. बेअरिंग गेलंय. धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारतेस ना हिच्यावर?”

मुलीने जीभ चावली.

“भांडी घासतेस तेव्हा नाही एवढा जोर येत!” दारातून आत्या म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तोंड मिस्त्रींचे चालले आणि हात मुलीचे. नवे बेअरिंग बसले.

रविवारी लोखंडी फाटकामागे अकरा गाड्या गरजत होत्या. बारावी मी. शर्यत सोडणाऱ्या माणसाने माझ्याकडे संशयाने पाहिले. “ही चालू आहे का?”

दोरीपलीकडून मिस्त्री ओरडले, “आहे, आहे! जागी आहे ती!”

आम्ही पाचव्या आलो. चषक मिळाला नाही, पण कुठे थांबलोही नाही. मिस्त्रींनी शर्यत पाहिलीच नव्हती. डोळे मिटून उभे होते. घरी येताना आत्याला म्हणाले, “एवढ्या गोंगाटात हिची साखळी मला वेगळी ऐकू आली.” मला मिळालेले ते एकच खरे बक्षीस. पुढे मिळालेली बाकीची सगळी त्या मानाने नुसता पत्रा.

पुढे ट्रॅकवर माझ्यासारख्या पुष्कळ आल्या. आता ‘आवाज कुठे आहे’ असे कुणी विचारत नाही. मिस्त्रींचे कान गेले, तेव्हा ते नुसता तळवा ठेवून मला ऐकायचे. मग एके दिवशी तेही गेले. मुलगी मोठ्या शहरात नव्या गाडीवर मुलींना शर्यत शिकवते. जाताना तिने ही चादर घातली. “दर महिन्याला हिला चार्जिंगला लाव,” असे मिस्त्रींनी आत्याला सांगून ठेवले होते. ती कुरकुरत यायची, पण यायची. आता तिचे गुडघे पायरी उतरू देत नाहीत.

मित्रांनो, तोफेसारखा आवाज करणाऱ्यांची काळजी सगळे घेतात. गप्प असणाऱ्याचे दुखणे कान लावल्याशिवाय कळत नाही. माझी बॅटरी आता कदाचित भरणारही नाही. तरी आत या. दाराजवळच्या खिळ्याला तो लांब स्क्रू ड्रायव्हर अजून टांगलेला आहे. आधी विचारा, जागी आहेस का? मग टोक मला लावा, मूठ कानाला, आणि चाक हाताने हळूच फिरवा.

मी जागी आहे.