डार्लाच्या लग्नाचं मांस

रॉइसने सुरी लावली आणि मांस लोण्यासारखं सुटलं.

"आहाहा!" नेल्डामावशींनी बोटं चाटली. "ह्याच्यापुढे माझं पिंप म्हणजे कचऱ्याचा डबा!"

टेक्सासातल्या त्या परसात तीन भट्ट्या होत्या. मावशींचं तेलाचं पिंप, तळाशी कोळसे, वर टांगलेलं मांस. रॉइसचे सासरे वर्लन यांनी स्वतः जोडलेलं लोखंडी नळकांडं, शेजारच्या पेटीत जळती ओकची लाकडं. त्याच्यापाशी रात्रभर जागावं लागे. आणि रॉइसचं विजेवरचं नवंकोरं यंत्र, भुशाच्या गोळ्या आपसूक जाळणारं. ज्याचं मांस सरस, त्यानं वर्लन यांची धाकटी लेक डार्ला हिच्या लग्नात भट्टी सांभाळायची, असं ठरलं होतं. रॉइसच्या लग्नात ती वर्लननीच सांभाळली होती.

आज त्यांचं मांस एका कडेला पार करपलेलं, मधे चिवट.

"मामा, तुम्ही रात्रभर डोळे चोळत लाकडं सारलीत, मी बटण दाबून घोरलो," रॉइस म्हणाला. "आता भट्टीला पेन्शन द्या, आणि तुम्हीही घ्या!"

सगळे हसले. वर्लनही हसले.

"खरंय बाबा. यंत्र झकास आहे तुझं."

सकाळी रॉइस चर्चला गेला असताना त्यांनीच त्याचं मांस काढून कागदात गुंडाळून ठेवलं होतं. डार्ला तेवढी हसली नव्हती. वडिलांच्या ताटलीतला करपलेला तुकडा ती मुकाट्यानं चावत होती.

"मग लग्नाचं रॉइसकडे," मावशी म्हणाल्या. "पण ते यंत्र दाखव तरी मेल्या!"

रॉइस ऐटीत पुढे गेला, झाकण उचललं. जाळी चकचकीत, चरबीचा थेंब नाही. गोळ्या दमट हवेनं फुगून नळीत घट्ट बसलेल्या. त्यानं हात लावला. लोखंड गार होतं. यंत्र रात्री सुरू होताच बंद पडलं होतं.

मग मांस शिजलं कुठे? त्यानं नळकांड्याकडे पाहिलं. त्यात एकाच तुकड्याची नीट जागा. दुसरा घातला की एकाला आगीच्या तोंडाशी सरकावं लागतं. म्हाताऱ्यानं स्वतःचा सरकवला होता. आपण मघाशी काय काय बरळलो ते आठवून रॉइसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी ताटली सावरत येत होत्या.

"झाकण लाव रे," मागून वर्लन हळूच म्हणाले, "ऊब जाईल."

रॉइसने झाकण लावलं. हात मात्र त्यावरच राहिला. त्याची लाज झाकायची सोय म्हाताऱ्यानं करून दिली होती. तिकडे डार्ला अजून मान खाली घालून बसली होती.

त्यानं झाकण पुन्हा उचललं आणि पार मागे टाकलं.

"या मावशी," तो म्हणाला. "सगळेच या. हात आत घालून बघा."